तीन बोटांची अंबाडी

सगळ्यात खालच्या फांदीवरच्या एका पानाला सात पर्णिका होत्या. मधली सर्वांत लांब, साडेअकरा सेंटिमीटर. तिच्या डाव्या कडेला तेवीस दाते आणि उजव्या कडेला बावीस. बाजूच्या पर्णिका जोडीजोडीने लहान होत गेलेल्या, आणि सातही जणी देठाच्या टोकाशी एकाच बिंदूत येऊन मिळालेल्या. पान उलटं केलं की खालची बाजू फिकट, वरच्या बाजूवर बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. ही खरखर कशाची, ते मला भिंग न लावता सांगता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे ते बारीक केस अस्वलाच्या नखांसारखे वाकडे दिसतात. गेली एकोणीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत ते केस बघते, बाकीच्या चाचण्या जुळवते आणि अहवालाखाली सही करते.

आज मात्र शनिवार होता, नमुन्यावर पोलिसांचं सील नव्हतं, आणि पान ज्या झाडाचं होतं ते झाड माझ्याच घराच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या बादलीत उभं होतं.

“ताई, मोजून झालं असेल तर पट्टी बाजूला ठेव ना. उजेड अडतोय,” सिद्धेश म्हणाला.

सिद्धेश माझा धाकटा भाऊ. वय एकोणचाळीस. तो खाली मांडी घालून बसला होता, हातात आईची शिलाईची कात्री, आणि समोर तीन बादल्यांत तीन झाडं, कमरेच्या वर आलेली. त्याने एक पान धरलं, कडेच्या दोन-दोन पर्णिका कापून टाकल्या आणि मधल्या तीन ठेवल्या. मग मान तिरकी करून, चित्रकार बघतो तसं बघितलं.

“सात बोटं दिसली की लोक ओळखतात,” तो म्हणाला. “टी-शर्टवर असतात, टोपीवर असतात. तीनच ठेवली तर कोण ओळखणार? सांग ना.”

“मी ओळखेन.”

“तू सोडून.”

आमच्या पंतनगरच्या इमारतीला रंग द्यायचं काम निघालं होतं. बांबूची परांची गुरुवारी पहिल्या मजल्यापर्यंत आली, शुक्रवारी दुसऱ्या. आम्ही चौथ्यावर. सोमवारी सकाळी रंगारी आमच्या गॅलरीसमोर हातभर अंतरावर उभे राहणार, हे साध्या त्रैराशिकाने कळत होतं. मी शुक्रवारी संध्याकाळीच सांगितलं होतं, झाडं उपट. सिद्धेश म्हणाला, बघतो. आई म्हणाली, बघेल तो. आमच्या घरात ‘बघतो’ म्हटल्यावर पुढे कुणी काही बघायचं नसतं.

आणि शनिवारी सकाळी त्याने ही युक्ती काढली. झाडं ठेवायची, पानांची बोटं कापायची.

“सिद्धू,” मी म्हटलं, “माणसाच्या हाताची दोन बोटं कापली तर तो काय दुसऱ्या प्राण्याचा पंजा होतो का? कापलेलं दिसतं. हे बघ, देठाशी चार खुंट राहिलेत. उद्या ते तपकिरी पडतील आणि अजून उठून दिसतील.”

“रंगारी एवढं बघत नाहीत गं. ते भिंत बघतात.”

“वास?”

“वासाचं आई बघते.”

वासाचं आई खरंच बघत होती. गणपती झाल्यापासून आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ धूप जळत होता. खालच्या मजल्यावरच्यांचा समज झाला होता की आमच्या घरात फार देवधर्म वाढला आहे. एकांनी तर आईला कुठल्या महाराजांचं केलंय म्हणून विचारलं. आई काही न बोलता हात जोडायची. माझ्या ऑफिसच्या कपड्यांना धुपाचा वास यायचा आणि धुपाच्या खाली दुसरा, तो वास. लॅबमध्ये कुणाला वेगळं वाटत नव्हतं, कारण लॅबला तोच वास असतो. ही माझी सुरक्षितता होती. सांगायलाही लाज वाटते.

सिद्धेश तीन वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी राहायला आला. रुचिरा, त्याची बायको, जोगेश्वरीला आईवडिलांकडे निघून गेली होती आणि मरोळमधल्या ज्या कंपनीत तो लग्नांचे आणि कॉन्फरन्सचे मांडव उभे करायचा ती कंपनी बंद पडली होती. वाईट वाटण्यासारखंच होतं सगळं. मला वाटलंही. त्याला झोप येत नाही म्हणून मी आतली खोली त्याला दिली आणि मी आणि आई हॉलमध्ये झोपायला लागलो. दोन महिन्यांसाठी. आता त्याचं बोलणं ‘माझी खोली’ असं असतं आणि मला माझ्या कपाटातून साडी काढायची असली तर दार वाजवावं लागतं.

झाडंही झोपेसाठीच होती. बाहेरून आणण्यापेक्षा घरचं बरं, शुद्ध, असं त्याचं म्हणणं. विकणार नाही, कुणाला देणार नाही. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा मी रोपं पाहिली तेव्हा ती चार पानांची होती आणि त्याने मला सांगितलं की झेंडू आहे. मला! एम.एस्सी. झालेल्या, दर आठवड्याला याच वनस्पतीचे पन्नास नमुने उघडणाऱ्या बाईला झेंडू.

“आणि ताई, तूच सांगितलेलं ना,” त्याने पुढचं पान धरलं. “कायद्यात नुसतं पान म्हणजे गांजा नाही. फुलाचे शेंडे म्हणजे गांजा. मी शेंडे आले की खुडणार. मग झालं की क्लिअर.”

हे मी कधीतरी जेवताना बोलले होते. एका खटल्यात पोलिसांनी नुसती पानं आणली होती आणि मला तसं लिहून द्यावं लागलं होतं. घरात काय बोलावं याचं भान ठेवायला हवं होतं.

“पानाची व्याख्या वेगळी आणि झाड लावणं वेगळं,” मी म्हटलं. “झाड लावणं हाच गुन्हा आहे. एक असो की शंभर. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तू शेंडे खुड, पानं खुड, झाडाला टोपडं घाल, झाड ते झाडच.”

“मग मला धरतील ना. तुला काय टेन्शन? दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे.”

पाटीवर त्याचं नाव आहे हे खरं आहे. वरती बाबांचं, खाली सिद्धेशचं. बाबा गिरणीतून सुटल्यावर भाड्याच्या खोल्या बदलता बदलता आम्ही दमलो होतो. हे घर मी घेतलं, करारनाम्यावर माझी एकटीची सही आहे, आणि पाटी आईने करून आणली. बाईमाणसाचं नाव दारावर कशाला, असं ती म्हणाली होती. मी तेव्हा हसले होते. पोलीस पाटी वाचून माणूस धरत नाहीत, करारनामा बघतात. करारनाम्यावर जान्हवी राजाराम. हुद्दा: सहायक रासायनिक विश्लेषक. त्यानंतर मी आजवर केलेली प्रत्येक सही कुणीतरी वकील कोर्टात वर धरून विचारणार: मॅडम, तुम्ही म्हणता तो गांजा, तुमच्या घरचा का? एकोणीस वर्षांची कपाटंच्या कपाटं फायली, त्यांतली किती माणसं आत आहेत, किती सुटली, सगळ्यांवर एक प्रश्नचिन्ह. नोकरी जाणार हे तर सोडाच.

हे मी त्याला तीनदा समजावून सांगितलं होतं. तीनदा तो म्हणाला होता, “तू फार विचार करतेस.”

“कितव्या पानावर आहेस?” मी विचारलं.

“चाळीस झाली असतील.”

“किती वेळात?”

“तासाभरात.”

मी झाडं बघितली, फांद्या मोजल्या, एका फांदीवरची पानं मोजून गुणाकार केला. “तीनशे चाळीसच्या आसपास आहेत. या वेगाने साडेसात तास अजून.”

“मग तू पण घे ना कात्री.”

“अगो, कर जरा मदत तेका,” आतून आईचा आवाज आला. “भाव तुझो तो. तुझा लॅबातला हात आसा, भराभर होतला.”

आई हॉलमध्ये, दाराजवळ खाली बसली होती. तिच्यासमोर वर्तमानपत्र, त्यावर सिद्धेशने आत नेऊन टाकलेल्या कापलेल्या पर्णिकांचा आणि हात चुकून देठासकट तुटलेल्या पानांचा ढीग. कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न होताच, कारण आमच्या सोसायटीत ओला कचरा उघडून बघतात. आईने त्यावर उपाय काढला होता: ढीग घरातच बारीक करायचा, चार दिवस थोडा थोडा केळीच्या सालांत गुंडाळून टाकायचा. पण पालेभाजीसारखं काही समोर आलं की तिचे हात आपोआप चालतात. ती चक्क निवडत होती. देठ एका बाजूला, पान एका बाजूला, पिवळं पडलेलं वेगळं. मध्येच एखादी काडी चटकन मोडत होती.

“आई, निवडतेस कशाला? टाकायचं आहे ते.”

“असूंदे गो. हाताक चाळो.”

आता माझं काय चुकलं ते सांगते. मी मागच्या चाळीस पानांकडे बघितलं. सिद्धेशने कुठे पर्णिका अर्ध्यातून कापली होती, कुठे मधलीच उडवली होती, एका पानाचा तर देठच तुटून लोंबत होता. मला गबाळं काम बघवत नाही. बाकी सगळं बघवतं, एवढंच बघवत नाही. मी आत गेले, माझ्या पेटीतली बारीक टोकाची सरळ कात्री आणली, स्टूल ओढलं आणि बसले.

पर्णिका जिथे देठाला मिळते तिथेच, मुळाशी कापायची. खुंट ठेवायचा नाही. फांदीच्या खालून वर जायचं म्हणजे एकही सुटत नाही. कापलेली जागा डोळ्यांना दिसणार नाही अशी झाड फिरवत राहायचं. दहा मिनिटांत माझा हात बसला. पाऊण तासात पहिली बादली पूर्ण झाली आणि दुसरी अर्धी. झाड आता खरोखरच निराळं दिसत होतं. तीन-तीन पात्यांचं, विरळ, नीटनेटकं, कुठल्याही घाईच्या नजरेला चुकवेल असं.

“ताई, तू तर एकदम प्रो निघालीस यार,” सिद्धेश म्हणाला. त्याने केव्हाच कात्री खाली ठेवून मोबाइल हातात घेतला होता. “झकास. मी तर म्हणतो दर महिन्याला—”

मी थांबले. माझ्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर चिकट राळ जमली होती, कडेला काळपट. हे बोटांवर कसं येतं ते मी अहवालांत वाचलं आहे. आरोपीची बोटं कापसाच्या बोळ्याने पुसून घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणीत. मी पुरावा नष्ट करत नव्हते, त्याहून वाईट करत होते. मी पुराव्याला ओळखू न येण्याइतपत सुबक करत होते, आणि मन लावून करत होते.

मोरीत जाऊन आधी खोबरेल तेलाने, मग साबणाने दोनदा हात धुतले. धुताना ते वाक्य पुन्हा डोक्यात आलं.

ते वाक्य माझ्याकडे जवळजवळ तीन वर्षं तयार होतं. सुरुवातीला ते लांब होतं: सिद्धेश, तुझी स्वतंत्र सोय होण्याच्या दृष्टीने आपण विचार करावा असं मला वाटतं. असलं वाक्य आमच्या खात्यातसुद्धा कुणी पूर्ण वाचत नाही. मग मी ते कापत गेले. कारणं काढली, ‘मला वाटतं’ काढलं. शेवटी दोन ओळी उरल्या, त्या मला पाठ होत्या. पहिल्यांदा बोलायला गेले तर त्याला ताप आला होता. दुसऱ्यांदा आईच्या मोतीबिंदूची तारीख लागली. तिसऱ्यांदा, ऑगस्टमध्ये, त्या झेंडूच्या दिवशी, मी तोंड उघडलं आणि त्याच दुपारी रुचिराच्या वकिलाची नोटीस आली. तो जेवला नाही, म्हणून आई जेवली नाही, म्हणून मी त्यांना वाढत बसले. घर सोड असं उपाशी माणसाला सांगता येत नाही. आणि आमच्या घरात कुणी ना कुणी कायम उपाशी असतं.

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा दार उघडंच होतं, नेहमीसारखं, आणि जाळीच्या दारातून समोरच्या रुक्मिणीकाकू आत येत होत्या.

रुक्मिणीकाकू साताऱ्याकडच्या. चाळीस वर्षं घाटकोपरात काढली तरी बोलणं तिकडचंच. त्यांच्या हातात रिकामं स्टीलचं पातेलं होतं. आईने पंधरा दिवसांपूर्वी त्यांना गॅलरीतल्या झाडांबद्दल सांगून टाकलं होतं की अंबाडी लावली आहे. आईला अंबाडी ठाऊक होती ती भाजीवालीच्या पाटीतल्या जुडीपुरती. पान हातासारखं, बोटंबोटं असलेलं, एवढंच. मालवणकडच्या बाईने साताऱ्याकडच्या बाईला अंबाडी सांगावी, एवढ्या एका गोष्टीवर आमचं सगळं गुपित उभं होतं.

“काय गं मालन, अंबाडी निवडतीस आन हाक मारली न्हायस?” काकू खाली बसल्याच. “मला म्हणालीवतीस देती म्हणून. म्हटलं आज शनवार, जान्हवी घरी, आज काढली असंल. कण्या घालून करती. लसणीची फोडणी वरनं.”

“अगो, कोवळी नाय आसा अजून,” आई ढिगावर वर्तमानपत्राचं टोक ओढायला लागली.

“कोवळी न्हाय तर निवडतीस कशाला?” काकूंनी ओंजळभर उचललंच. मग थांबल्या. हात नाकाशी नेला. एक देठ उजेडात धरला. “अंबाडीच्या देठाला लाली असती. हे हिरवंगार. आन पान असं सुटं सुटं? अंबाडीचं पान एकसंध असतं गं, नुसतं फाटल्यागत.”

“हायब्रिड आहे काकू,” सिद्धेश गॅलरीच्या दारातून म्हणाला. त्याच्या हातात आता पुन्हा शिलाईची कात्री होती.

“हायब्रिड झालं म्हणून आंबटपणा जातोय व्हय?” असं म्हणत काकूंनी एक पान तोंडात टाकलं.

मी दोन पावलं धावले. धावताना मला पूर्ण माहीत होतं की एका कच्च्या पानाने काहीही होत नाही. त्यातलं नशेचं रसायन तापवल्याशिवाय कामाचं नसतं, हे मी शिकाऊ मुलांना दरवर्षी शिकवते. तरी धावले. काकूंनी चारदा चावलं, चेहरा आक्रसला आणि पान पदराच्या टोकात थुंकलं.

“कडू जहर. ही अंबाडी न्हाय.” त्यांनी पुन्हा वास घेतला, आणि या वेळी त्यांचे डोळे बारीक झाले. “अगं, हा तर गांजा. आमच्या गावात मठाच्या मागं असायचा. बाबा लोक वढायचे. आम्ही पोरी तिकडनं नाक धरून पळायचो.” त्यांनी आईकडे बघितलं, मग सिद्धेशकडे. “कुनाचा हाय हा?”

खाली रंगाऱ्यांच्या मुकादमाने कुणाला तरी शिवी दिली ती स्पष्ट ऐकू आली.

सिद्धेशने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो आता सांगेल. एकदा तरी सांगेल, काकू, माझा आहे, कुणाला सांगू नका. काकूंनी सांगितलंही नसतं. चार शिव्या घातल्या असत्या आणि झाडं स्वतः उपटून दिली असती.

“जान्हवीचं आहे ते,” आई म्हणाली.

आई खोटं बोलते तेव्हा तिच्या बोलण्यातलं मालवण गळून पडतं आणि ती बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी बोलायला लागते.

“तिच्या ऑफिसच्या कामाचं आहे. सरकारी. तपासणीसाठी लागतं त्यांना. आम्ही कुणाला सांगत नाही म्हणून अंबाडी म्हटलं. राग मानू नका हं.”

“आई,” मी म्हटलं.

“गप रव तू,” ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, आणि ते मात्र मालवणीत होतं.

काकूंचा चेहरा मोकळा झाला. “असं व्हय! मग बरोबर. तरीच म्हटलं, मालनच्या घरात असलं कुठनं यायचं. लॅबातली बाई, तिला नमुनं लागणारच की. मग सांगायचं न्हाय का गं जान्हवी, मी काय परकी हाय?”

“हो ना काकू,” सिद्धेश म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता, जड पिशवी दुसऱ्याच्या हातात दिल्यावर माणूस बोलतो तसा. “ताईचं रिसर्च चालूच असतं. आम्हाला तर हात पण लावू देत नाही झाडांना.”

कात्री त्याच्या हातात होती. कात्रीच्या पात्याला पान चिकटलेलं होतं.

“मग सोमवारी रंगारी यायच्या आत सांगून ठेवायला पायजेल,” काकूंना आता काम सापडलं होतं. त्यांनी कमरेचा मोबाइल काढला. “ती मेली पोरं कायबी तोडत्यात. माझी तुळस मोडली गेल्या वेळी. मी चेतनाबेनला सांगते, सेक्रेटरी हाय तर तिनंच सोसायटीच्या ग्रुपवर टाकू दे. चौथ्या मजल्यावर जान्हवीचं सरकारी झाड हाय, कुनी हात लावायचा न्हाय. तू बी एक बोर्ड लाव गं. लाल अक्षरात.”

“आई, ऐकतेस?” मी म्हटलं. “ग्रुपवर.”

“चेतनाबेन कोणाक काय बोलाची नाय,” आई म्हणाली. पण तिचे हात थांबले होते.

“ग्रुपवर बहात्तर लोक आहेत, आई. त्यात दोन पोलिसांत आहेत.”

“ताई, चिल. सरकारी म्हटल्यावर कोण विचारतं?” सिद्धेश म्हणाला. “उलट सेफ आहे. मला आधी का नाही सुचलं—”

काकूंनी मोबाइल तोंडाशी धरला, अंगठा दाबला आणि मोठ्याने सुरू केलं, “अगं चेतनाबेन, मी रुक्मिणी बोलते चौथ्या मजल्यावरनं. ती जान्हवी हाय ना, तिच्या गॅलरीत गांजाचं—”

मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला. हिसकावला म्हणायला हवं. अंगठा सुटला की मेसेज जातो हे मला माहीत होतं, म्हणून आधी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून तो बाजूला सरकवला, आणि पडद्यावरची रेकॉर्डिंगची लाल खूण पुसली गेलेली नीट बघितली. मग मोबाइल त्यांच्या पातेल्यात ठेवला.

“काकू, माफ करा. पण हे खोटं आहे.”

“काय खोटं?”

“ही झाडं माझी नाहीत आणि ऑफिसची नाहीत. सरकार कुणाच्या गॅलरीत गांजा लावत नाही. सिद्धेशची आहेत. ऑगस्टपासून आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प बसले, तेवढं मात्र माझं आहे. आणि आज पाऊण तास पानं कापत बसले, तेही माझं.”

“जान्हवी!” आई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. “लोकांच्या म्होरं?”

“लोकांच्या म्होरं तूच माझं नाव घेतलंस ना, आई.”

मी गॅलरीत गेले. सिद्धेश दारात उभा होता, तो बाजूला झाला नाही, म्हणून मी त्याला कोपराने बाजूला केलं. पहिल्या बादलीतलं झाड, मीच सुबक केलेलं, बुंध्याशी धरलं आणि ओढलं. झाडाबरोबर बादलीही उचलली गेली. मी पाय बादलीच्या कडेवर देऊन पुन्हा ओढलं. या वेळी मुळं सुटली, माती माझ्या साडीवर आणि त्याच्या मोबाइलवर उडाली.

“ताई, वेडी झालीस का? तीन महिने वाढवलंय मी ते!”

“हो.”

दुसरं झाड सहज आलं. तिसऱ्याची मुळं बादलीभर पसरली होती, ते मध्येच मोडलं. बुंधा माझ्या हातात आणि खालचा भाग मातीत. तोही उकरून काढला. काकू दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“झाला ना आता?” आई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. “उपटलंस ना? झाला तर मग. तेणा काय कोणाचा घर जाळल्यान? झोप नाय लागत तेका म्हणून... आता चल, जेवून घेऊया. बाकीचा मागीर बघूया. सिद्धू, चल रे बाबा, सकाळपासून उपाशी आसस.”

“हो ताई, नंतर बोलू,” सिद्धेश म्हणाला. तो मोबाइलवरची माती टी-शर्टला पुसत होता. “काकूंसमोर कशाला तमाशा? तू शांत झालीस की बोलू. बघू आपण.”

तीन झाडं माझ्या पायाशी पडली होती. माझे हात पुन्हा चिकट झाले होते. मी ते पुसले नाहीत, कारण पुसायला आत गेले असते तर जेवणाची ताटं मांडली गेली असती, आणि ताटं मांडली की आमच्या घरात कुठलंच वाक्य पूर्ण होत नाही.

“नाही, आत्ताच,” मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा साधा आला. “आई, तूही ऐक. काकू, तुम्ही पण थांबा. सिद्धू, हे घर माझं आहे. या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत तू इथून राहायला दुसरीकडे जायचं.”